सर्वकालीन कसोटी संघासाठी यष्टिरक्षक-फलंदाज कसा निवडावा

सर्वकालीन कसोटी संघात यष्टिरक्षकाची निवड सर्वांत शेवटी, म्हणजे चारही प्रमुख गोलंदाज ठरल्यानंतरच करावी. फलंदाजीच्या सरासरीची उतरती यादी करून वरचे नाव उचलावे, हा सल्ला फोंड्याच्या बाजारापासून पणजीच्या कचेऱ्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. तो निरुपयोगी आहे, कारण त्यात यष्टिरक्षणाचा विचारच होत नाही.

प्रत्येक उमेदवाराच्या केवळ यष्टिरक्षक म्हणून खेळलेल्या सामन्यांतील धावा वेगळ्या काढाव्यात. कुमार संगकाराची कारकिर्दीतील सरासरी ५७.४० असली, तरी यष्टिरक्षण करताना ती ४० च्या आसपास राहिली आणि ती जबाबदारी उतरल्यावर ६६ च्या पुढे गेली. त्यामुळे तो फलंदाज म्हणून संघात यावा, यष्टिरक्षक म्हणून नव्हे. अँडी फ्लॉवरने मात्र यष्टिरक्षण करत ५५ कसोटींत ५३ च्या वर सरासरी राखली, तीही झिम्बाब्वेसारख्या दुबळ्या संघात, हे बहुतेक याद्यांत विसरले जाते.

उमेदवार फलंदाजीला आला तेव्हा धावफलकावर काय होते, तेही पाहावे. मडगावचे फलंदाज दिलीप सरदेसाई यांची १९७१ मधील किंग्स्टनची २१२ धावांची खेळी आपण सरासरीवरून नव्हे, तर ५ बाद ७५ या अवस्थेवरून मोजतो. होबार्ट येथे १९९९ साली ३६९ धावांचा पाठलाग करताना ५ बाद १२६ अशी स्थिती असताना अॅडम गिलख्रिस्टने काढलेल्या नाबाद १४९ धावांनाही हाच न्याय लावावा.

यानंतरचा टप्पा यष्टिरक्षण मोजण्याचा. हाच मला सर्वांत जड गेला आणि बहुतेक तुलना येथेच फसतात. एकूण बळींची (झेल आणि यष्टिचित मिळून) संख्या यष्टिरक्षकाविषयी जेवढे सांगते, त्याहून अधिक त्याच्या गोलंदाजांविषयी सांगते. गिलख्रिस्टचे ९६ कसोटींत ४१६ बळी आहेत, तर सय्यद किरमाणी यांचे ८८ कसोटींत १९८. यावरून किरमाणी निम्म्या दर्जाचे ठरत नाहीत. गिलख्रिस्टपुढे मॅकग्रासारखा वेगवान गोलंदाज दिवसभर बॅटची कड शोधत असे. किरमाणींच्या वाट्याला मात्र बेदी, प्रसन्ना आणि चंद्रशेखर यांची फिरकी आली, आणि फिरकीवरचे पुष्कळ झेल स्लिप आणि शॉर्ट लेग या जवळच्या क्षेत्ररक्षकांकडे जातात.

यष्टिचितांचा आकडाही तसाच फसवा आहे. बर्ट ओल्डफिल्डने ५४ कसोटींत ५२ फलंदाज यष्टिचित केले, तर जेफ दुजाँने ८१ कसोटींत केवळ ५. ओल्डफिल्डपुढे मेली आणि ग्रिमेट हे लेगस्पिनर होते. दुजाँ मार्शल, होल्डिंग आणि गार्नर या वेगवान गोलंदाजांसाठी यष्ट्यांपासून कितीतरी मागे उभा असे. मद्रासला १९८८ साली नरेंद्र हिरवाणीने पदार्पणातच १६ बळी घेतले, त्या एकाच सामन्यात किरण मोरेने ६ यष्टिचित केले, कारण वेस्ट इंडीजचे फलंदाज वळणाऱ्या चेंडूवर सतत पुढे धावत होते. दिलेल्या बायवरूनही (बॅटला न लागता यष्टिरक्षकालाही चुकवून गेलेल्या चेंडूवरच्या धावा) निकाल देऊ नये. गॉडफ्रे इव्हान्स अॅलेक बेडसरच्या मध्यमगती स्विंगला यष्ट्यांजवळ उभा राहत असे, आणि ते धाडस कोणत्याही रकान्यात नोंदले जात नाही. मागे उभा राहणारा बाय वाचवतो, पण फलंदाजाला क्रीजबाहेर उभे राहण्याची मोकळीकही देतो.

म्हणून प्रत्येक नावापुढे आकडा लिहिण्याऐवजी त्याने कोणाच्या गोलंदाजीवर, कोणत्या खेळपट्ट्यांवर आणि यष्ट्यांपासून किती अंतरावर काम केले, ते लिहावे. सुटलेले झेल धावफलकात येत नाहीत, त्यासाठी त्या काळच्या सामन्यांची वर्णने वाचावी लागतात आणि उपलब्ध चित्रफिती धीराने पाहाव्या लागतात. काय पाहावे हे कळण्यासाठी पर्वरीच्या मैदानावर रणजी सामना असेल तेव्हा खेळपट्टीला काटकोनात बसून एक पूर्ण सत्र चेंडू सोडून केवळ यष्टिरक्षकाकडे बघावे. चांगला यष्टिरक्षक चेंडूच्या उसळीबरोबर उठतो, आधी नाही. पाय हलवून चेंडूमागे येतो आणि लेग साइडचा चेंडू फलंदाजाच्या शरीराआड गेला तरी त्याचे हात चाचपडत नाहीत. हे एकदा डोळ्यांत बसले की जुन्या चित्रफितींतही ओळखू येते.

मग निवड फारशी अवघड राहत नाही. संघात मॅकग्रा, मार्शल आणि लेगस्पिनर वॉर्न असतील, तर गिलख्रिस्टच हवा, कारण वॉर्नला त्याने वर्षानुवर्षे सांभाळले आणि ४७.६० ची सरासरीही दिली. ओल्या खेळपट्टीसाठी फिरकीपटू डेरेक अंडरवूडला घेतले असेल, तर गिलख्रिस्टच्या तुलनेत सरासरीतील सुमारे १५ धावांचे नुकसान सोसूनही मी अॅलन नॉटला घेईन, कारण अंडरवूडला त्यानेच वर्षानुवर्षे सांभाळले. संघ केवळ भारताचा असेल, तर ३८.०९ ची सरासरी आणि विजेसारखे हात असलेला धोनी पुरेसा आहे. पण त्यात चंद्रशेखर असेल, तर जागा किरमाणींचीच, कारण त्या वेगाची, फलंदाजालाही न कळणारी गुगली (लेगस्पिनसारखा दिसून उलट वळणारा चेंडू) त्यांनी प्रत्यक्ष कसोटींत सांभाळली होती.