वीस जणांची चित्रं, एकच दालन : या चुका टाळा

सामूहिक स्टुडिओच्या प्रदर्शनात चित्रं वीस हातांची असतात, तशी ती टांगायची सोयही वीस तऱ्हांची असते. कुणी सुतळी बांधून आणतं, कुणाच्या फ्रेमला छोटीशी दातेरी पट्टी असते, कुणाचा कॅनव्हास मागून नुसता कोरा. मांडणीच्या दिवशी निम्मा वेळ हीच चित्रं खातात. म्हणून चित्र घेताना आधी उलटं करून पाहा. मागची सोय धड नसेल तर नोंद न करता तिथंच दुरुस्तीला परत द्या. थोडा वाईटपणा येतो, पण मांडणी वेळेत होते.

ताठ ओढलेली तार

डी-रिंगा (तार अडकवायला फ्रेमच्या मागे स्क्रूनं बसवतात त्या D आकाराच्या कड्या) वरच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश उंचीवर, दोन्ही बाजूंना नेमक्या समोरासमोर हव्यात. नायलॉनची दोरी हळूहळू ताणत जाते, चित्र रोज थोडं खाली येतं. विणलेली स्टीलची तार वापरा. मात्र ती सतारीच्या तारेसारखी ताठ करू नका. तार आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूला चित्राच्या वजनाइतका ताण येतो. कोन १० अंशांवर आला की तोच ताण जवळजवळ तिप्पट होतो. मग फ्रेमचे कोपरे फाटतात, रिंगेचे स्क्रू सुटतात आणि दोष खिळ्याला दिला जातो. चित्र सतत कलत असेल तर त्याला एका हुकाऐवजी दोन हूक द्या.

उंची आणि अंतर डोळ्यानं ठरवणं

सगळ्या फ्रेमच्या वरच्या कडा एका रेषेत आणल्या की लहान चित्रं छताकडे पळाल्यासारखी दिसतात. रेषा मध्यबिंदूंची धरायची : जमिनीपासून १४५ ते १५२ सेंमीमधला एक आकडा निवडा आणि साऱ्या दालनात तोच ठेवा. हुकाची उंची अशी काढतात : मध्याची उंची, अधिक फ्रेमची निम्मी उंची, वजा ताणलेल्या तारेपासून वरच्या कडेपर्यंतचं अंतर. फ्रेम ८० सेंमी, मध्य १५० आणि तारेचं अंतर १२ असेल तर १५० + ४० − १२, म्हणजे हूक १७८ सेंमीवर. तारेचं अंतर मोजताना जितके हूक लावणार तितक्याच बोटांनी तार वर ओढून मोजा. दोन हुकांवर ते अंतर एका हुकापेक्षा वेगळं भरतं. गणित बरोबर असूनही चित्र वरखाली लागलं, तर बहुतेक वेळा इथंच चुकलेलं असतं.

आडव्या अंतरासाठी भिंतीच्या लांबीतून सगळ्या फ्रेमच्या रुंदीची बेरीज वजा करा आणि उरलेल्याला चित्रांच्या संख्येपेक्षा एकानं जास्त आकड्यानं भागा. ६ मीटर भिंतीवर ६० सेंमीची ६ चित्रं लावली, तर प्रत्येक फट सुमारे ३४ सेंमी. उत्तर १५ सेंमीच्या खाली गेलं तर चित्रं कमी करा. प्रत्येकाची दोन-दोन लावायचीच, हा हट्ट सगळ्यांचीच चित्रं मारतो.

प्रकाश

दिवा उभ्या रेषेपासून ३० अंशांवर झुकवा. भिंतीच्या फार जवळ गेला तर फ्रेमची सावली चित्रावर पडते. फार लांब गेला तर काचेवर चकाकी येते आणि पाहणाऱ्याची सावलीही चित्रावर येते. एकाच भिंतीवर पिवळट आणि निळसर बल्ब मिसळू नका, आणि बल्बचा रंगदर्शन निर्देशांक (CRI, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा असू द्या.

जलरंग आणि कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास उजेड पुरे. तैलरंगाला २०० चालतो. रंग उडण्याचं नुकसान साठत जातं : ५० लक्समध्ये रोज ८ तास धरून ३० दिवसांत जेवढा उजेड कागद खातो, तेवढा ५०० लक्समध्ये ३ दिवसांतच. खिडकीसमोरची जागा जलरंगाला देऊच नका.

कागद, काच, प्लास्टिक

चित्राला चारही बाजूंनी दुहेरी टेप लावली की दमट हवेत कागद फुगतो, पसरायला जागा नसते आणि मधे लाटा उठतात. तो फक्त वरच्या कडेला बिजागरीसारखा जोडा. काच आणि छायाचित्र यांच्यात माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट हवीच. दमटपणात छायाचित्रावरचा जिलेटीनचा थर काचेला चिकटतो आणि मग सोडवता येत नाही. ओल धरणाऱ्या भिंतीवर फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, हवा खेळती राहते. ॲक्रिलिक रंगातल्या चित्रावर थेट बबल रॅप गुंडाळू नका. उष्णतेत रंग मऊ पडून फुग्यांचे ठसे कायमचे उमटतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला.

नोंदी आणि उतरवणं

विक्रीची वही एकच आणि ती एकाच टेबलावर. चित्र विकलं गेल्याची खूण असलेली लाल टिकली वहीत नोंद झाल्यावरच लावा, नाहीतर एक चित्र दोघांना विकलं जातं. मुद्राचित्राच्या (ठशावरून छापलेल्या चित्राच्या) आवृत्तीत विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे एक टिकली. लेबलवर माप आधी उंची, मग रुंदी. फ्रेमचं की चित्राचं, तेही लिहा.

चित्रं उतरवल्यावर भोकात पुट्टी एकदाच भरू नका. ती वाळून आत बसते, म्हणून दुसरा हात देऊन मगच घासा. वर लावायचा रंग भिंत रंगवली त्याच डब्यातला हवा. रंगवताना थोडा काढून ठेवला नसेल तर ठिगळं दिसतात आणि पूर्ण भिंत पुन्हा रंगवावी लागते.