पिस्तुलाची मूठ हाताला बसवताना

दर उन्हाळी सुट्टीत कोल्हापुरात दुधाळीच्या नेमबाजीच्या रेंजवर नवीन मुलं येतात आणि त्यातला एखादा तरी पहिल्याच आठवड्यात विचारतो, "ताई, होल्स्टर कुठलं घेऊ?" मोबाईलवर त्यानं कमरेच्या पट्ट्यातून पिस्तूल उपसून, पळत पळत लोखंडी पाट्या पाडणारे नेमबाज पाहिलेले असतात. त्या खेळाला आयपीएससी म्हणतात. त्याची संघटना १९७६ साली अमेरिकेत, मिसूरी राज्यातल्या कोलंबियात स्थापन झाली. तिथे होल्स्टर, म्हणजे कमरेला पिस्तूल अडकवायचं म्यान, हे खरंच विचार करून निवडायचं साधन आहे.

आपण कोल्हापुरात शिकतो ती ऑलिंपिक पद्धतीची नेमबाजी. दहा मीटर एअर पिस्तूल आणि पुढे जमलं तर पंचवीस मीटर. इथे पिस्तूल पेटीतून येतं, नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं आहे हे दाखवणारी खूण) घालून टेबलावर ठेवलं जातं आणि सूचना मिळाल्यावरच हातात घेतलं जातं. पंचवीस मीटरच्या वेगाच्या फेरीतसुद्धा हात पंचेचाळीस अंशांत खाली धरून सुरुवात होते, कमरेपासून नाही.

तरी त्या मुलाचा प्रश्न मी झटकून टाकत नाही. होल्स्टर निवडणारे जाणकार काय बघतात? ते त्याच मॉडेलच्या मापाचं असावं, ट्रिगर झाकलेला असावा, आणि पिस्तूल बाहेर यायच्या आधीच हाताला पूर्ण पकड घेता यावी. पकड अर्धवट घेऊन उपसलं तर पुढचं सगळं बिघडतं. म्हणजे तिथेही गाडी मुठीवरच येते. म्हणून मी त्याला म्हणते, होल्स्टर राहू दे, आधी तुझा हात दाखव.

मुठीवर एवढं बोलायचं कारण असं की आपल्या गावात रायफलचा वारसा मोठा आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली ती पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक घेतलं तेही रायफलमध्ये. त्यामुळे जॅकेट, स्टॉक, स्लिंग यांवर सल्ला देणारी माणसं इथे पावलोपावली भेटतात. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं आणि पिस्तूल हातात घेणाऱ्या मुली मला आजूबाजूला जास्त दिसायला लागल्या. पण पिस्तूलवाल्याकडे जॅकेट नाही, पट्टा नाही, दुसऱ्या हाताचा आधार नाही. एक हात, आणि त्या हातात एक लाकडी मूठ. शरीर आणि हत्यार यांचा संबंध येतो तो तेवढ्याच जागी.

मी सुरुवात केली तेव्हा अकरावीत होते. तेव्हा मुलींना दहा मीटरला चाळीसच शॉट असत. साठ झाले ते २०१८ पासून. पिस्तूल रेंजचं, मूठ मोठ्या हाताची. मला ती भरत नव्हती. करंगळी हवेत राहायची आणि अंगठ्याखालचा मांसल भाग टेकायचाच नाही. ते चुकीचं आहे हे मला माहीत नव्हतं. पिस्तूल असंच असतं, आपला हात मजबूत करायचा, असं धरून चालले होते. बाटलीत वाळू भरून उचलायचे, रोज हात ताणून उभी राहायचे. होल्ड, म्हणजे पिस्तूल स्थिर धरणं, सुधारला. चारशेपैकी साडेतीनशेच्या आसपास गुण यायला लागले आणि तिथेच अडकले. आठ शॉट नऊ-दहात पडायचे आणि नववा डाव्या बाजूला साताला. दर फेरीत तेच. ट्रिगर हलका-जड करून पाहिला, साइट, म्हणजे नेम धरायची खूण, फिरवली, बूट बदलले.

माझे बाबा शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर. फाउंड्रीत ओतकामाआधी जो लाकडी नमुना लागतो तो करायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. एका रविवारी ते मला न्यायला रेंजवर आले. सरांच्या परवानगीनं त्यांनी रिकामं पिस्तूल हातात घेतलं, मूठ उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "हे कुणाच्या हाताचं माप हाय गं?"

त्या एका प्रश्नात माझं अख्खं वर्ष होतं.

आता यामागचं गणित सांगते, कारण ते कळल्याशिवाय मुठीसाठी एवढी खटपट कशाला हे पटत नाही. एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण तेहतीस सेंटिमीटर. लक्ष्य दहा मीटरवर, म्हणजे त्याच्या तीसपट. फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत एक दशांश मिलिमीटर सरकली, वहीच्या कागदाच्या जाडीएवढी, तर गोळी लक्ष्यावर तीन मिलिमीटर सरकते. अर्धा मिलिमीटर सरकली तर पंधरा. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं आणि पुढच्या प्रत्येक वर्तुळाचा व्यास सोळा मिलिमीटरनं मोठा. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीत दोन गुण जवळजवळ गेलेच. उलट साइट एका रेषेत ठेवून अख्खा हातच तीन मिलिमीटर इकडेतिकडे झुलला, तर गोळीही तीनच मिलिमीटर सरकते. नवीन मुलं हात झुलतो म्हणून घाबरतात आणि मनगटातला बारीक मुरडा त्यांच्या लक्षातही येत नाही. तो मुरडा बहुतेक वेळा न बसणाऱ्या मुठीतून येतो.

तपासणी घरीही करता येते, पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून, समोर कोरी भिंत घेऊन. डोळे मिटा. पिस्तूल नेहमीसारखं उचला, खाली आणून स्थिर करा, एक श्वास सोडा आणि मग डोळे उघडा. फक्त साइट बघा. फ्रंट साइट खाचेच्या मधोमध आहे का, वरच्या कडा एका रेषेत आहेत का? असं वीस वेळा करा आणि प्रत्येक वेळी काय दिसलं ते वहीत लिहा. वीसपैकी पंधरा वेळा ती एकाच बाजूला दिसली तर मूठ बोलते आहे. प्रत्येक वेळी वेगळीकडे दिसली तर मुठीला हात लावू नका. तुमची पकडच अजून पक्की झालेली नाही, आणखी दोन महिने सराव करा.

इथे एक गल्लत सगळे करतात, मीही केली. साइट एका रेषेत आहे, पण अख्खं पिस्तूल लक्ष्याच्या डावीकडे रोखलं गेलंय, तर तो पायांचा विषय. मागचा पाय थोडा सरकवा, शरीर वळेल. मी पाय न हलवता मनगट उजवीकडे ओढून ती चूक भरून काढत होते. आठ-दहा शॉट मनगट ऐकायचं, मग दमायचं आणि सैल पडून डावीकडे जायचं. तो डाव्या बाजूचा सात तिथून येत होता. पाय आधी, मूठ नंतर, हा क्रम पाळा.

मूठ घेताना एक्स्ट्रा स्मॉल, स्मॉल, मीडियम, लार्ज अशी मापं मिळतात. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ, कुठलंही पिस्तूल घ्या, दहा मीटरला सगळीच चांगली आहेत. पैसे लाखाच्या पुढे जाणार असतात आणि घरचे विचारतात कुठलं भारी. माझं ठाम मत, ज्याची मूठ तुमच्या हाताला सगळ्यात जवळची ते भारी. चप्पल लाईनला आपण नंबर सांगतो, तरी चप्पल पायात घालून चार पावलं चालून बघतोच ना? तसंच. रेंजवरच्या चार जणांना विनंती करून त्यांची पिस्तुलं हातात धरून बघा, मग पैसे मोजा. आणि पहिले सहा महिने तरी रेंजच्याच पिस्तुलावर काढा. मुलगा किंवा मुलगी तेरा-चौदा वर्षांची असेल तर हात अजून वाढायचा आहे, हेही आईवडिलांनी धरून चालावं. परवान्याची काळजी नको. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पॉइंट १७७ कॅलिबरच्या (नळीच्या मापाच्या), २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही.

हातात घेतल्यावर काय बघायचं? अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या खाचेत वरपर्यंत गेली पाहिजे. जोर मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा, सरळ मागे. करंगळी नुसती सोबत. अंगठ्यानं दाबायचं नाही. तर्जनी मुठीच्या लाकडाला कुठेही घासता कामा नये, तिच्या बाजूनं उजेड दिसला पाहिजे. बोट लाकडाला लागलं की ट्रिगर दाबताना ते अख्खी मूठ बरोबर ढकलतं. खालचा पाम शेल्फ, म्हणजे मुठीच्या तळाची तळहात टेकायची फळी, तळहाताला खालून नुसता टेकावा. तो घट्ट करून हात चिमटीत पकडायचा मोह होतो, कारण पहिली दहा मिनिटं फार स्थिर वाटतं. पण साठ शॉटना पंचाहत्तर मिनिटं असतात आणि तेवढ्यात हात गरम होऊन फुगतो. एक पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवा.

मूठ कुठे टोचते हे हातच सांगतो. तासभर सराव झाल्यावर लगेच तळहात उजेडात धरा. लाल झालेले ठिपके म्हणजे तिथे लाकूड जास्त आहे. बाबांची रीत याहून नेमकी होती. निळा खडू कुटून त्याची पूड त्यांनी माझ्या तळहाताला चोळली आणि पिस्तूल एकदाच धरायला लावलं. मुठीवर जिथे निळं उमटलं ते टेकणारे भाग, जिथे कोरं राहिलं तिथे पोकळी. माझ्या मुठीवर अंगठ्याखाली रुपयाएवढी कोरी जागा होती.

ती पोकळी भरायची पुटीनं. लाकडाची पुटी किंवा एम-सील, दोन्ही चालतं. पिस्तुलापासून मूठ सुटी करायची, धातूला काही लागू द्यायचं नाही. पुटी लावल्यावर हातावर पातळ प्लास्टिक घेऊन, नेहमीच्या पकडीनं मूठ धरून ठेवायची. तुमच्याच हाताचा ठसा उमटतो. पूर्ण वाळल्यावर जास्तीचं घासून काढायचं. आधी भरायचं, मग काढायचं. बाबा म्हणायचे, "लाकूड काढलं की गेलं, बाळ. थोडं ठेव, उद्या काढता येतंय." पॅटर्नमेकर ओतीव लोखंड आकसणार म्हणून नमुना मुद्दाम मोठा करतो, त्यांचा हात त्याच सवयीचा. काढायचं तेव्हा गोल कानस आणि मग पॉलिश पेपर. फिरतं मशीन लावू नका, ते एका क्षणात दोन मिलिमीटर खातं. एका वेळी एकच बदल. तो केला की निदान आठवडाभर त्यावर शॉट मारा, वहीत लिहा, आणि मगच पुढच्याला हात घाला.

मूठ मागेपुढे कललेली असण्यावर साइट वरखाली दिसणं ठरतं. डोळे उघडल्यावर फ्रंट साइट कायम खाली दिसत असेल तर मुठीचा तिरपेपणा वाढवून बघा, वर दिसत असेल तर कमी करा. बऱ्याच पिस्तुलांत यासाठी स्क्रू दिलेला असतो. लाकूड घासायच्या आधी तो फिरवून बघा. बदलाआधीच्या खुणा पेन्सिलीनं करून ठेवा, म्हणजे परत येता येतं.

माझ्या हातून झालेली एक चूक मात्र वेळीच सांगितलेली बरी. पुटी लावून मूठ इतकी छान बसली की मी पाम शेल्फही रुंद केला. राज्य स्पर्धेला गेले, इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साधनांच्या तपासणीला, पिस्तूल दिलं. तिथे ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरची पेटी असते आणि पिस्तूल तिच्यात बसावंच लागतं. माझा शेल्फ त्या पन्नास मिलिमीटरच्या बाहेर. फेरी दीड तासावर आणि मी पायरीवर बसून कानस चालवतेय, डोळ्यांत पाणी. पिस्तूल पास झालं, पण त्या दिवशी हाताखाली नवीनच मूठ होती आणि गुणही तसेच वाईट आले. म्हणून घरी पुठ्ठ्याची तेवढ्याच मापाची पेटी करून ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर पिस्तूल तिच्यात घालून बघा. शेल्फची कड वर वळवायला परवानगी नाही आणि मुठीचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये, हेही तेव्हाच तपासा. ट्रिगरचं वजन निदान ५०० ग्रॅम लागतं. तेही घरून मोजून न्या.

राहिला आपला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या हवेत लाकूड फुगतं, मे महिन्यात बसवलेली मूठ तेव्हा घट्ट वाटायला लागते. त्या दिवसांत लाकूड काढू नका, दिवाळीनंतर ती सैल होईल. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, सराव झाला की मुठीचा घाम कोरड्या फडक्यानं पुसा आणि मगच पेटी बंद करा. बाबा नमुन्यांना ओल लागू नये म्हणून लाखेचं पॉलिश मारायचे, ते मुठीला नको, घामात हात सटकतो. जवसाच्या तेलाचा अगदी हलका हात वर्षातून एकदा पुरतो.

पुढे पंचवीस मीटरला गेलात तर पॉइंट टू-टू कॅलिबरचं पिस्तूल वेगळं, धक्का वेगळा, ट्रिगर एक किलोचा. पेटीही लहान, ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटर. हीच सगळी खटपट तिथे पहिल्यापासून करावी लागते, तेव्हा दहा मीटरच्या वेळची वही जपून ठेवा. माझी अजून आहे. पहिल्या पानावर बाबांनी माझ्या तळहाताभोवती पेन्सिल फिरवून काढलेली आकृती आहे, बोटांची लांबी मिलिमीटरमध्ये. रेंजवर नवीन मुलं आली की मी तसंच एक कोरं पान आणि पेन्सिल पुढे करते.