खाऱ्या हवेतला जुना लॅपटॉप उघडताना

दहा वर्षं पुण्यात वापरलेला लॅपटॉप आणि तेवढाच मालवण-देवगडकडे वापरलेला लॅपटॉप बाहेरून सारखेच दिसतात. मागचं झाकण काढलं की फरक कळतो. किनाऱ्यावरच्या मशीनमध्ये स्क्रूंना गंज, यूएसबी पोर्टांभोवती तांब्यावर चढलेलं हिरवं, हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पातळ पत्र्यांवर पांढरी भुकटी आणि पंख्यात जांभ्याची लाल धूळ. व्हिडिओत दहा मिनिटांत उघडलेलं मॉडेल इथे तास-दीड तास घेतं. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच बसा, आणि शक्यतो मिरगाआधी.

पीएच0 आणि पीएच00 असे फुलीच्या बारीक टोकाचे दोन चांगले स्क्रूड्रायव्हर घ्या. स्वस्त सेटमधली टोकं मऊ असतात, गंजलेल्या स्क्रूवर ती स्वतःच झिजतात. जोडीला चिमटा, मऊ ब्रश, मुदत संपलेलं एटीएम कार्ड आणि 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते. 70 टक्क्यांचं नको, उरलेलं सगळं पाणी असतं. सॅनिटायझर तर नकोच, बऱ्याच सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं आणि ते चिकटून राहतं.

आंब्याच्या पेटीचा एक पुठ्ठा घ्या, त्यावर लॅपटॉपचा आकार आखा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. स्क्रू बहुतेक एम2 किंवा एम2.5 असतात, पण लांबी 3 मिमीपासून 8 मिमीपर्यंत बदलते. 8 मिमीचा स्क्रू 4 मिमीच्या भोकात पिळला की तो वरचं प्लास्टिक फोडतो, नाहीतर बोर्डात घुसतो.

मशीन चालू होत असेल तर आधी डेटा काढून घ्या. मग बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा आणि पॉवर बटण 30 सेकंद दाबून धरा. बॅटरी आत बसवलेली असेल तर झाकण निघाल्यावर पहिलं काम तिचा कनेक्टर सोडवण्याचं. टचपॅड वर उचललेला किंवा झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे असं धरूनच चाला. तिच्याखाली स्क्रूड्रायव्हर घालू नका. कार्डाने हळूहळू सोडवा आणि निघाली की पत्र्याच्या डब्यात सुक्या वाळूत ठेवा. समुद्रावरची ओली वाळू नको, खाऱ्या पाण्यातून वीज वाहते.

रबरी पायांखाली, स्टिकरखाली, डीव्हीडी ड्राइव्हच्या खाचेत लपलेले स्क्रू असतात. झाकण उचलत नसेल तर जोर लावण्याआधी ते शोधा. गंजलेल्या स्क्रूवर टूथपिकच्या टोकाने गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडा आणि 15 मिनिटं थांबा. फवारा मारू नका, तेल स्क्रीनच्या थरांत शिरलं की डाग कायमचा. तरीही हलत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक स्क्रूच्या डोक्यावर पाच-सहा सेकंद टेकवा. डोकं घासलं गेलं असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा मधे धरून दाबून फिरवा.

कीबोर्ड-टचपॅडची चपटी रिबन केबल थेट ओढू नका. काही कनेक्टरांना नखाने वर उघडणारी बारीक पट्टी असते, काहींची पट्टी दोन्ही कानांना धरून मिलिमीटरभर बाहेर सरकते. आधी कुठला प्रकार आहे ते बघा. ही पट्टी मोडली की कीबोर्ड चांगला असूनही बसत नाही.

बिजागरी हे इकडचं खास दुखणं. ती गंजून घट्ट होते, आणि झाकण उघडताना सगळा जोर प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांवर येतो. नट प्लास्टिकसकट उपटून निघतात. नुसता एपॉक्सी भरून भागत नाही. आधी बिजागरीचा नट पाव फेरा सैल करा आणि तेलाचा थेंब द्या, मग एपॉक्सी भरून 24 तास हात लावू नका.

आता बोर्ड. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसा. पंखा काढून पंखा आणि हीटसिंकच्या मधे बघा: धुळीचा नमद्यासारखा जाड थर तिथेच बसतो, बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही. हीटसिंकचे स्क्रू त्यांच्याशेजारी छापलेले आकडे उलटे मोजत, थोडे-थोडे सैल करा. चिप आणि हीटसिंकच्या मधली नवी थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. जिथे जाड पॅड होता तिथे पेस्ट लावू नका, मधली फट ती भरू शकत नाही.

हिरवं चढलेल्या जागी आयपीए आणि टूथब्रश पुरतो. पण लॅपटॉप होडीत भिजला असेल किंवा उधाणाचं पाणी घरात शिरलं असेल तर नुसत्या आयपीएने मीठ निघत नाही, त्यात ते जवळजवळ विरघळतच नाही. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा तर काहीच उपयोग नाही. पाणी सुकतं, मीठ तिथेच राहतं आणि पुढच्या दमट दिवशी पुन्हा ओलं होतं. बोर्ड पूर्ण सुटा करा. पंखा, डिस्क, स्क्रीन आणि सीआर2032 चा गोल सेलही काढा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घेऊन बोर्ड दोनदा धुवा, मग आयपीएने पाणी काढा आणि पंख्याच्या वाऱ्यावर दिवसभर ठेवा. नळाचं किंवा विहिरीचं पाणी चालत नाही.

माळ्यावर पडून राहिलेल्या मशीनच्या पोर्टांत कुंभारीण माशी मातीचं घर करते. ते सुकंच खरवडा. ओलं केलं तर चिखल पिनांत बसतो.

सुट्या भागांसाठीच उघडत असाल तर रॅम, डिस्क, वाय-फाय कार्ड, पंखा, अडॅप्टर आणि स्क्रीन जपून ठेवा. स्क्रीनमागच्या स्टिकरवरचा नंबर लिहून ठेवा, बदली पॅनेल त्यावरच मिळतो. डीडीआर3 च्या लॅपटॉप रॅमला 204 पिना, डीडीआर4 ला 260; खाच वेगळ्या जागी असते, दाबून बसवू नका. फार जुन्या पॅनेलमध्ये एलईडीऐवजी बारीक काचेची ट्यूब असते आणि तिच्यात पारा असतो, ती फोडू नका. सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

उरलेले बोर्ड तांब्यासाठी जाळू नका. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार हा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा.

जोडणी उलट्या क्रमाने. पण सगळे स्क्रू पिळण्याआधी, बॅटरी न जोडता, एक रॅम घालून नुसत्या अडॅप्टरवर चालू करून बघा. पहिल्यांदा स्क्रीन काही सेकंद काळी राहिली किंवा मशीन एक-दोनदा आपणच बंद-चालू झालं तर लगेच उघडू नका, रॅम बदलल्यावर बऱ्याच बोर्डांना तेवढा वेळ लागतो. मिनिटभरानंतरही काळीच राहिली तर स्क्रीनची केबल पुन्हा बसवा.