एमटीबीची सीट निवडताना या चुका टाळा

रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी चहाला थांबलं की एखादा तरी नवा सायकलस्वार आपल्या एमटीबीच्या, म्हणजे डोंगरवाटांच्या सायकलच्या, सीटवर हात टेकवून विचारतो, "दादा, बूड फार दुखतं हो, कोणती सीट घेऊ?" मी तोंड उघडायच्या आत शेजारचा कोणीतरी सांगून मोकळा होतो, "जेल कव्हर टाक, काम झालं." गेली कित्येक वर्षं हा संवाद मी जवळपास याच शब्दांत ऐकतोय. सीटवर चढवायच्या त्या मऊ कव्हरने बरं झालेलं बूड मात्र मी आजवर पाहिलेलं नाही.

सीट निवडायचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी रुंदी, मग आकार, मग ती नीट बसवणं आणि सगळ्यात शेवटी वजन. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात. गोष्ट अशी आहे की नेमकी बसणारी सीट पातळ आणि जरा कडक असते, त्यामुळे ती बहुतेक वेळा हलकीही असते. हलकेपणासाठी वेगळी धडपड फारशी करावी लागत नाही.

मऊ ते आरामदायी, हा समज

लाकडी पाटावर बसा आणि थोडे पुढे वाका. खाली दोन हाडं टोचतील. सायकलवर आपलं वजन याच दोन हाडांनी पेलायचं असतं. त्यांच्या मधल्या नाजूक भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात, तिथे भार यायला नको. आता कापसाच्या जाड गादीवर उभं राहिल्यावर काय होतं ते आठवा. पाऊल रुततं आणि आजूबाजूची गादी वर येते. जाड जेलच्या सीटवर हाडांचं तेच होतं. दोन्ही हाडं आत रुततात, मधला भाग वर उचलला जातो आणि जिथे दाब नको तिथेच येतो. दुकानात बोटाने दाबून पाहिल्यावर, पाच मिनिटं बसल्यावर ती सीट छानच वाटते. दुसऱ्या तासाला मुंग्या येतात, तिसऱ्या तासाला बधिरपणा.

मनाली-लेहच्या एका राइडला आमच्याबरोबर नाशिकचा एक तरुण होता. पाय दणकट, दम उत्तम. सायकलला मात्र स्प्रिंगवाली रुंद सीट आणि त्यावर जेल कव्हर. जिस्पाला पोचल्यावर तो हळूच म्हणाला, "खाली काही जाणवत नाहीये." मी कव्हर काढायला सांगितलं. त्याने ऐकलं नाही. उलट सरचूला कोणाकडून तरी दुसरं कव्हर मिळवून पहिल्यावर चढवलं. दुसऱ्या दिवशी गाटा लूप्सची एकवीस वळणं तो जवळजवळ उभ्यानेच चढला, कारण बसणं शक्यच नव्हतं. त्या उंचीवर उभ्याने पेडल मारणं म्हणजे दम संपवून घेणं. पांगला पोचला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, आणि थकव्यापेक्षा त्यात भीती जास्त होती. बधिरपणा रात्रीही जात नव्हता.

बॅकअप गाडीत एका जादा सायकलची सीट होती. पातळ, कडक, मध्ये खाच असलेली. सकाळी ती मी स्वतः त्याच्या सायकलला लावली. तो नको नको म्हणत होता, शिक्षाच देतोय असं त्याला वाटत होतं. मोरे प्लेन्सच्या सपाटीवर पहिला तासभर तो दर पाच मिनिटांनी बूड उचलत होता. दुपारी मात्र आपण होऊन म्हणाला, "आता हाडं दुखतायत, पण मुंग्या थांबल्या." मला हेच ऐकायचं होतं. तांगलांग ला ही खिंड त्याने चढून पार केली, ५,३०० मीटरच्या वर, बसून. पण पूर्ण संवेदना परत यायला घरी गेल्यावर काही आठवडे लागले आणि मध्ये डॉक्टरकडेही जावं लागलं. जिस्पाला पाच मिनिटांत टळलं असतं असं हे दुखणं होतं, म्हणून मला आजही त्याची चुटपुट लागते.

तेव्हा दुखण्याचे प्रकार वेगळे ओळखायला शिका. हाडं दुखतात ती नव्या माणसाची किंवा नव्या सीटची सवय असते. दिवसाआड थोडं थोडं चालवलं की दोन-तीन आठवड्यांत ते कमी होतं. मांडीच्या आतल्या बाजूला कातडं घासतं, त्याचं कारण बहुतेकदा शॉर्ट्स, सीटची उंची किंवा सीटचं फार रुंद नाक, म्हणजे पुढचं निमुळतं टोक. बधिरपणा मात्र सवयीने जात नाही. मुंग्या आल्या की उतरा, आणि त्या परत परत येत असतील तर सीट किंवा तिची बैठक बदला. उतरल्यावरही बराच वेळ बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना दाखवा, लाजू नका. "होईल सवय" असं सांगणाऱ्या जुन्या मंडळींचं या एका बाबतीत ऐकू नका.

अंदाजाने रुंदी घेणं

जाड माणसाला रुंद सीट आणि बारीक माणसाला अरुंद, हा हिशेब चुकीचा आहे. दोन हाडांमधलं अंतर कंबरेच्या घेरावरून किंवा वजनावरून कळत नाही. बायकांमध्ये ते सरासरीने थोडं जास्त असतं, पण सरासरी घेऊन कोणी सायकलवर बसत नाही. मोजावंच लागतं, आणि त्याला दुकानातलं यंत्र लागत नाही.

खोक्याचा नालीदार पुठ्ठा कापून दगडी पायरीवर किंवा लाकडी स्टुलावर ठेवा. पातळ कपड्यात त्यावर बसा. टाचा उचला, म्हणजे गुडघे वर येतील. सायकलवर जितके वाकता तितके पुढे वाका आणि मिनिटभर थांबा. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. दिसले नाहीत तर उजेड तिरका पाडून बघा, बोटाने चाचपा. मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. मी त्यात २० ते २५ मिलिमीटर मिळवतो. समजा अंतर ११५ आलं, तर १३५ ते १४० ची सीट बघायची आणि दुकानात त्याच्या जवळचं जे माप मिळेल ते घ्यायचं. एकाच मॉडेलच्या दोन-तीन रुंदी अनेक कंपन्या देतात. सीटच्या खाली किंवा खोक्यावर माप लिहिलेलं असतं. दुकानदाराला ते माहीत नसेल तर पट्टी घेऊन स्वतः मोजा.

एमटीबीला रुंद सीटचा आणखी एक तोटा आहे. तीव्र उतारावर आपण बूड सीटच्या मागे नेतो, आणि परत पुढे येताना रुंद सीटच्या कडेत शॉर्ट्स अडकते. मुरमाच्या उतारावर तो अर्धा सेकंदही महाग पडतो. चढावर याच्या उलट. बूड पुढे सरकतं आणि आपण जवळपास सीटच्या नाकावर बसतो. म्हणून नाक पुढे जरा खाली झुकलेलं आणि थोडी गादी असलेलं हवं, आणि मागची कडा गोलसर. घेताना मी या दोन जागांवरून हात फिरवून पाहतो. रंग नंतर.

कागदावरचे ग्रॅम

स्प्रिंगवाल्या गादीच्या सीटचं वजन पाऊण किलोच्या घरात असतं. सीटखालच्या ज्या दोन दांड्या सीटपोस्टच्या (सीटच्या खांबाच्या) क्लॅम्पमध्ये पकडल्या जातात, त्या रेल. क्रोमोली (मजबूत पोलादी) रेलची साधी, चांगली एमटीबी सीट ३०० ग्रॅमच्या आसपास मिळते. ही उडी घ्याच, कारण इथे वजन आणि त्रास दोन्ही एकदम कमी होतात. टायटॅनियम रेल घेतली तर २००-२५० पर्यंत जाता येतं, पैसे असतील तर चांगली गोष्ट आहे. त्याच्या खाली, कार्बन रेलच्या दीड-पावणेदोनशे ग्रॅमच्या सीटकडे नवा माणूस वळला की मी त्याला थांबवतो. शंभर ग्रॅमसाठी इतके पैसे घालायचेच असतील तर आधी चाकं ट्यूबलेस करा, म्हणजे ट्यूब काढून टायरमध्ये भोकं बुजवणारा द्रव, सीलंट, घाला. २९ इंची ट्यूब दोनशे ग्रॅमच्या आसपास असते. सीलंटचं वजन धरलं तरी दोन्ही चाकांचं मिळून ते शंभर ग्रॅम सहज वाचतात, शिवाय बाभळीच्या काट्यांपासून सुटका होते.

गोल धातूची रेल ७ मिलिमीटरची असते. कार्बनची रेल बहुतेकदा लंबगोल असते, ७ बाय ९. गोल रेलच्या क्लॅम्पमध्ये ती नीट बसत नाही. आमच्या गटातल्या एकाने अशी सीट घेतली आणि दुकानातून बसवून आणली. त्या दुकानात कोणी क्लॅम्प तपासला नव्हता. रेल हलू नये म्हणून बोल्ट अंदाजाने आवळला होता, टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना) न लावता. दोन राइड नीट झाल्या. तिसऱ्या रविवारी गोळेवाडीकडे उतरताना दगडावर चाक आपटलं आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. रेल तुटून तिचं टोक मांडीत घुसलं होतं. मी माझ्या बफने (गळ्याला गुंडाळायच्या कापडाने) जखम बांधली, खाली येऊन टेम्पो थांबवला, पुढे टाके पडले. सीटचं वजन १६० ग्रॅम होतं, हे तो आदल्या आठवड्यात सगळ्यांना अभिमानाने सांगत होता.

कार्बन रेल घ्यायचीच असेल तर सीटपोस्टचा क्लॅम्प तिच्या मापाचा घ्या, त्यावर छापलेला टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, पाळा आणि पडझडीनंतर रेलवरून बोट फिरवून तडा आहे का बघा. अतिहलक्या सीटना स्वाराच्या वजनाची मर्यादा असू शकते, तीही वाचा. आमच्या सह्याद्रीत सुटे दगड, मुरूम आणि पावसाळ्यात चिखल. सायकल आडवी पडणार, कातळाला घासणार. मी स्वतः क्रोमोली रेलची, कडांना जाड कापड असलेली सीट वापरतो आणि बदलायचा विचार नाही.

दोष सीटचा, असं धरून चालणं

"तीन सीट बदलल्या, एकही चालली नाही," असं कोणी म्हणालं की मी आधी त्याला माझ्यासमोर सायकल चालवायला सांगतो आणि मागून पाहतो. कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर सीट उंच आहे. पाय खाली पुरत नाही म्हणून प्रत्येक पेडलला बूड घासतं. अशा माणसाला जगातली कुठलीही सीट टोचणारच. भिंतीचा आधार घेऊन सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर कलता कामा नये. सुरुवातीला एवढं पुरतं.

दुसरं म्हणजे वर उचललेलं नाक. घसरू नये म्हणून लोक ते वर करतात आणि मग बधिरपणाची तक्रार करतात. सायकल सपाट जमिनीवर उभी करा, सीटवर एक पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवा आणि त्यावर मोबाइलचं लेव्हल ॲप. मी नाक दोन अंश खाली ठेवतो. फार खाली नेलं तर भार हातांवर येऊन तळवे बधिर होतात. मागे शॉक असलेल्या सायकलवर ही चूक हमखास होते. आपण बसलो की मागचा भाग दबतो आणि उभ्या सायकलवर सपाट दिसणारं नाक आपोआप वर जातं. तिथे अर्धा-एक अंश आणखी खाली घ्या.

बदल करण्याआधी जुन्या उंचीवर सीटपोस्टला इन्सुलेशन टेप गुंडाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन राइड थांबा. उंची, नाक आणि पुढे-मागे हे सगळं एकाच सकाळी हलवणाऱ्याला नेमकं कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तो नव्या सीटच्या शोधात असतो. या घाईची मला खरोखर चीड येते.

बाकीच्या चुका थोडक्यात

पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत चड्डी घालणं. घालू नका, शिवण घासते.

तीच शॉर्ट्स न धुता दुसऱ्यांदा वापरणं. फोड तिथूनच येतात. पावसाळ्यात पॅड वाळत नाही, म्हणून दोन जोड ठेवा.

मित्राला आवडली म्हणून तीच सीट घेणं. त्याची हाडं तुमची नाहीत. पण त्याच्याकडून एका राइडपुरती मागून घ्या, ते फार उपयोगाचं.

चामड्याची सीट पावसात भिजवणं. ब्रूक्स बी-१७ सारखी सीट लांबच्या प्रवासाला सुंदर आहे, मात्र अर्धा किलोच्या वर भरते आणि वारंवार भिजली की आकार सोडते. जूनमध्ये ती घरी राहू द्या.

रेलवरच्या खुणांच्या बाहेर क्लॅम्प आवळणं. रेल तिथे वाकते.

ड्रॉपर पोस्टबरोबर (चालवतानाच कळ दाबून सीट खाली-वर करता येते अशा सीटपोस्टबरोबर) सीटखाली मोठी पिशवी लटकवणं. सीट खाली गेली की ती मागच्या टायरला घासते.

नवी सीट थेट मोठ्या राइडला नेणं. २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) असो किंवा हिमालय, निदान तीन-चार आठवडे आधी बसवा. जमलेली उंची आणि नाकाचा कोन एका कागदावर लिहून सीटच्या खाली चिकटपट्टीने लावा, म्हणजे विमानाने किंवा रेल्वेने जाताना सायकल उघडली तरी तिथे पोचल्यावर दोन मिनिटांत पुन्हा तशीच बसवता येते.