ब्लर केलं होतं की!

न्यूज चॅनेलच्या डेस्कवर नव्याने लागला असाल, तर फीड, रनडाऊन, पीसीआर हे मी समजावत बसत नाही. आठ दिवसांत अंगवळणी पडतं. कायदाही घाईतच सांगते, कारण तो पाठच हवा. बलात्काराच्या घटनेतल्या पीडितेची ओळख द्यायची नाही, ती हयात नसली तरी नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. पोक्सोच्या, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, प्रकरणातल्या मुलांचंही तेच. दहशतवाद्यांविरुद्ध कारवाई चालू असताना ती लाईव्ह दाखवायची नाही, हा नियम २०१५ पासून आहे. इथे चुकलात तर 'मी नवीन आहे' म्हणून कुणी सोडत नाही.

मी यातल्या कशात अडकले नाही. मी अडकले ब्लरमध्ये.

सकाळची शिफ्ट होती, मला लागून चार महिने झाले होते. कोकणात उतरणाऱ्या एका घाटात बस दरीत गेली. स्ट्रिंगरने, म्हणजे तिथल्या अर्धवेळ बातमीदाराने, पहाटे व्हॉट्सअॅपवर क्लिप टाकली. मोबाईलवर काढलेली, थरथरणारी, रस्त्याच्या कडेला ओळीने ठेवलेली माणसं. मी एडिटरला म्हटलं, चेहरे झाक. त्याने झाकले. आठ सेकंदांचा तुकडा लूपवर लावला आणि सहाच्या बुलेटिनला गेला. आपण किती जबाबदारीने वागलो, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

साडेसातच्या सुमारास डेस्कचा फोन वाजला. पलीकडचा माणूस दबक्या आवाजात बोलत होता. "ताई, तो हिरव्या चौकड्यांचा शर्ट माझ्या भावाचा आहे. आई टीव्हीसमोर बसलीय. मी बंद केला तर तिला कळेल. तुम्ही तरी बंद करा."

मी रनडाऊनमधून, म्हणजे बुलेटिनच्या क्रमयादीतून, शॉट काढला. पण हेडलाइन्स आधीच रेकॉर्ड झाल्या होत्या, त्यात तो होता. अँकरच्या मागच्या व्हिडिओ वॉलवर, मोठ्या पडद्यावर, तोच फिरत होता. पुढच्या बुलेटिनच्या प्रोमोतही कुणीतरी उचलला होता. सगळीकडून निघायला वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत त्या घरात काय झालं, मला माहीत नाही. नोंदवहीत माझ्या अक्षरात एवढंच आहे: 'प्रेक्षकाची तक्रार, शॉट काढला.'

हे मी पुन्हा पुन्हा सांगणार, कंटाळा आला तरी वाचा. चेहरा झाकला की अनोळखी माणसाला ओळख पटत नाही. पण अनोळखी माणसाला तसंही काय करायचंय? ज्याच्या घरचं माणूस आहे, तो शर्टावरून ओळखतो. चपलेवरून, हातातल्या कड्यावरून, डब्याच्या पिशवीवरून, गाडीच्या नंबरावरून ओळखतो. म्हणजे ज्यांच्यासाठी ब्लर करतो, त्यांच्यापुरता तो नसतोच. चेहरा झाकून भागत नाही, अख्खी फ्रेम बदलावी लागते. दरी दाखवा, बसचा पत्रा दाखवा, क्रेन दाखवा, रुग्णवाहिकेची पाठ दाखवा. घरच्यांना कळवलंय का, हे रिपोर्टरला विचारा. तो 'बघतो' म्हणाला तर त्याचा अर्थ 'नाही' असा घ्या.

आणि मूळ क्लिप सर्व्हरवर तशीच ठेवू नका. 'घाट अपघात' या एकाच नावाने झाकलेली आणि उघडी अशा दोन्ही फाईल पडल्या असतील, तर रात्रीच्या शिफ्टचा घाईतला माणूस उघडीच उचलणार. नावातच 'एअर नाही' लिहा.

'विचलित करणारी दृश्ये' या पट्टीवर माझा काडीचा विश्वास नाही. ती पट्टी दिसली की माणूस रिमोट खाली ठेवतो. तसंच 'सगळे दाखवतायत' म्हणणारे सीनियर. फार अनुभवी असतात, पण तो फोन त्यांनी कधी उचललेला नसतो. जानेवारी २०२३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चॅनेलांना जी सूचना काढली, ती याचसाठी होती: सोशल मीडियावरचे रक्ताचे, मृतदेहांचे, मारहाणीचे व्हिडिओ जसेच्या तसे लावले जातात. आमच्याकडे तिची प्रिंट महिनाभर बोर्डावर होती, मग तिच्यावर कँटीनची यादी लागली.

पडद्यासमोर कोण बसलंय हे आपल्याला कधीच ठाऊक नसतं. २६/११ ला मुंबईतल्या हॉटेलांबाहेरचं लाईव्ह बघणाऱ्यांत कराचीत बसून अतिरेक्यांना फोनवरून सूचना देणारेही होते. कसाबच्या खटल्याच्या २०१२ च्या निकालात न्यायालयाने त्यावरून चॅनेलांना खडे बोल सुनावले. माझ्या बाबतीत समोर एक आई होती, एवढाच फरक.

आता उलटं ऐका, नाहीतर घाबरून सगळंच झाकत सुटाल. काही दृश्यं दाखवायलाच हवीत. २०१६ मध्ये गुजरातमधल्या उना इथे दलित तरुणांना झालेल्या मारहाणीचा व्हिडिओ लोकांनी पाहिला नसता, तर ती बातमी आतल्या पानावरच्या चार ओळींत विरली असती. सत्ता असलेला कुणी दुबळ्याला मारतोय आणि नंतर 'असं घडलंच नाही' म्हणणार आहे, तिथे दृश्य पुरावा असतं. पण पुरावा एकदा दाखवतात. दिवसभर मागच्या वॉलवर फिरवत नाहीत. मला विचाराल तर दाखवावं की नाही यावर वाद घालण्यात डेस्कचा जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मा वेळ 'किती वेळा' यावर गेला तरी पुष्कळ.

स्वतःचंही बघा. कच्ची क्लिप आधी आवाज बंद करून, छोट्या खिडकीत बघा. चित्रापेक्षा आवाज जास्त दिवस राहतो. जेवण गेलं नाही, रात्री दचकून जाग आली, तर तुम्ही या कामाला नालायक आहात असं अजिबात नाही. त्या फोननंतर मी दोन आठवडे हिरवा रंग दिसला की मान वळवत होते. व्हिडिओ एडिटरांशी दोस्ती करा. तुमच्या बॉसपेक्षा त्यांनी जास्त पाहिलेलं असतं, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. त्या सकाळी माझ्या एडिटरने चेहरे झाकून झाल्यावर विचारलं होतं, "कपड्यांचं काय करू?" मी म्हटलं होतं, "राहू दे, सहा वाजतायत."