गावचा पाऊस गावानं मोजताना: या चुका टाळा

दर जूनला नवी पोरं पर्जन्यमापक मागायला येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "ॲप कुठलं?" ॲपचं नंतर बघू, आधी वही घ्या.

२६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिमी नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७४. म्हणून गावोगाव मापकं हवीत आणि नोंदी सगळ्यांना खुल्या हव्यात, हे मला पटवायला नको. पण नोंद खुली असली की तिच्यातली चूकही तितकीच लांब जाते.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते न मोजलेल्या दिवशी ० लिहिलेलं बघून. शून्य म्हणजे पाऊस नव्हता. कोरा रकाना म्हणजे कुणी बघितलंच नाही. आमच्याकडे डोंगराच्या एका गावात मापक शाळेच्या अंगणात होतं. रविवारी शाळा बंद, नोंद नाही. सोमवारी गुरुजींनी साचलेलं सगळं पाणी मोजून प्रामाणिकपणे २४० लिहिलं. इकडे आमच्याच एका हुशार कार्यकर्त्यानं तक्ता 'नीट दिसावा' म्हणून रविवारच्या रकान्यात ० ठोकला. रोज १२० घाटात कुणी मनावर घेत नाही. एका दिवसात २४० म्हटल्यावर ग्रुपवर 'ढगफुटी' सुरू झाली. (ढगफुटी म्हणजे तासाला १०० मिमी. दिवसातून एकदा बघायच्या मापकात ती दिसणार कशी?) दरडीखालची वाडी म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन शाळेत आली. काही झालं नाही. पुढच्या महिन्यात खरोखरच घाबरण्यासारखा पाऊस होता, तेव्हा फोन केला तर एक मावशी म्हणाल्या, "मागच्यासारखंच ना?" आणि कुणी हललं नाही. दरड आली नाही, हे आमचं नशीब.

मी काय करतो? सकाळी साडेआठलाच मोजतो, हवामान खात्याची वेळ तीच. चुकलेल्या दिवशी आडवी रेघ, दुसऱ्या दिवशी आकड्यापुढे 'दोन दिवसांचा'. मूळ नोंद खोडायची नाही. दुरुस्ती शेजारच्या रकान्यात, नाव आणि तारखेसकट. वेळ जातो, जाऊ दे.

मापक झाडाखाली किंवा पन्हळीजवळ ठेवू नका. हे सांगावं लागतं, यातच आलं.

पुराची खूण नोंदवताना नुसतं '४३ फूट' लिहू नका. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ ही धोक्याची पातळी, सांगलीच्या आयर्विन पुलावर ४५. दोन्हीकडच्या मोजपट्टीचं शून्य वेगळं. त्यापेक्षा 'देवळाच्या तिसऱ्या पायरीवर ४० सेंमी' लिहा, टेप लावून.

अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली की कोल्हापूरची खूण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. आपल्याकडे १६ (अक्षांश) आधी की ७४ (रेखांश) आधी, ते तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा.

आणि गूगलचा नकाशा गिरवून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, घरं चढवू नका. परवानगी नसते. पकडलं की सगळं उडवतात, आणि ते बरोबरच करतात.