जुनी कॅम्पर व्हॅन तपासताना: डाग इथे, गळती तिथे

कॅम्पर व्हॅनच्या, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेल्या गाडीच्या, कामात नव्याने येणारी मुलं आधी इंजिन उघडायला बघतात. इंजिन बिघडलं की आवाज येतो, धूर दिसतो, आणि ते बघणारे मेकॅनिक मुंबईत गल्लोगल्ली आहेत. भिंतीच्या आत मुरलेली ओल मात्र गाडी घेऊन वर्ष उलटेपर्यंत कळत नाही, आणि कळते तेव्हा निम्मं फर्निचर काढावं लागतं. आमच्याकडे विक्रीआधी तपासायला येणाऱ्या गाड्यांवर सगळ्यात जास्त वेळ जातो तो ही ओल शोधण्यात.

मी आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून साकीनाक्याच्या बाजूच्या एका वर्कशॉपला लागले. तिथे आल्यावर सुतारकाम शिकावं लागलं, थोडं प्लंबिंगही. सोबतच्या पोरांत कुणी वायरमन आहे, कुणी फर्निचरवाला, एक जण कोळ्यांच्या बोटींना फायबर लावायचा. खरं सांगायचं तर या कामात तो बोटवाला सगळ्यांच्या पुढे गेला. पाणी कुठून घुसतं याचा विचार त्याला आधीपासून सवयीचा होता.

गाडीची रचना आधी डोक्यात पक्की बसू द्या. बहुतेक गाड्या ट्रॅव्हलरसारख्या मोठ्या व्हॅनवर बांधलेल्या असतात. बाहेर पत्रा, त्याच्या आत उष्णता अडवणारा फोम किंवा ग्लासवूल, मग प्लाय, वर मायका. मूळ गाडीच्या टपाला भोकं कमी असतात. कॅम्पर करताना ती वाढतात: एक्झॉस्ट फॅन, एसी, सोलर पॅनलचे बोल्ट, केबलचं तोंड, चांदणीचे (बाहेर ओढायच्या कापडी छपराचे) स्क्रू, बाजूला कापून बसवलेल्या खिडक्या. प्रत्येक भोकाला सीलंट, म्हणजे फट बुजवणारा चिकट मसाला, लावलेलं असतं. उन्हात ते कडक होतं, गाडी खड्ड्यांतून हादरते, केसाएवढी चीर पडते. तेवढी पुरते.

मालकाला मी पहिला प्रश्न विचारते, गाडी कुठे आणि कशी उभी असते? उंच टपाची व्हॅन बहुतेक सोसायट्यांच्या पोडियममध्ये शिरत नाही, त्यामुळे पावसाळ्याचे चारही महिने ती रस्त्याकडेला झाडाखाली असते. टपाच्या कडेच्या पन्हळीत पानं कुजतात, पाणी तुंबतं. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, म्हणून डाव्या कडेला लावलेली गाडी डावीकडे कलते आणि टपावरचं पाणी डाव्या कडेला साचतं. तीच गाडी डावी चाकं फुटपाथवर चढवून लावत असतील, तर उजव्या बाजूकडे संशयाने बघा. वर निळी ताडपत्री बांधली म्हणून गाडी कोरडी राहिली, असं समजू नका. ताडपत्रीखाली वारा फिरत नाही, आणि दोऱ्या वाऱ्याने हलून सीलंट घासून काढतात.

आता मुख्य गोष्ट. डाग जिथे दिसतो तिथून पाणी आत आलेलं नसतं, असंच धरून चाला. सोसायटीत वरच्याच्या बाथरूमचं पाणी खालच्याच्या हॉलमध्ये उतरतं आणि दोघं मीटिंगमध्ये भांडतात, त्यातलाच हा प्रकार. आमच्याकडे एक गाडी आली, मागच्या पलंगाच्या वर डाव्या कोपऱ्यात बशीएवढा पिवळट डाग. मालकाने त्या कोपऱ्यावर बाहेरून दोनदा सिलिकॉन फासून घेतलं होतं. आमच्या वर्कशॉपच्या मिस्त्रींनी डागाला हातच लावला नाही. त्यांनी डागापासून पुढच्या बाजूचं एक एक पॅनल काढायला लावलं. पहिल्या पॅनलमागे फोम ओला, दुसऱ्यामागे पत्र्यावर गंजाची बोटभर रुंद रेघ. ती रेघ टपाच्या आतल्या आडव्या पट्टीला धरून पार गाडीच्या मध्यापर्यंत गेली आणि सोलर पॅनलच्या एका बोल्टपाशी थांबली. बोल्टच्या वॉशरखालचं रबर भाजल्या पापडासारखं तुटून हातात आलं. गाडी मालकाच्या गल्लीत कायम उतारावर, तोंड वर करून उभी असायची, म्हणून पाणी मागे सरकून पलंगावर उतरायचं. याच्या उलटाही प्रकार असतो: उभ्या गाडीत थेंब नाही, आणि पहिला ब्रेक मारला की ड्रायव्हरच्या मानेवर धार.

तपासताना ओल मोजायचा मीटर काढायच्या आधी नाक आणि बोटं वापरा. गाडी रात्रभर बंद ठेवायला सांगा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या आत डोकं घाला. कुबट वास पहिल्या दोन श्वासांतच कळतो, नंतर नाकाला सवय होते. आत अगरबत्ती किंवा कार परफ्यूम घमघमत असेल तर तशी नोंद करा आणि दारं उघडी ठेवून अर्ध्या तासाने परत या. मग बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत चला. धड प्लायचा आवाज खणखणीत येतो, सडलेला पोचट वाटतो. खिडकीच्या खालचे दोन कोपरे, चाकावरचे खण, मागच्या दाराची चौकट आणि सिंकखालचा तळ अंगठ्याने दाबा. एकाच भिंतीची मायका नवी असेल, किंवा एकाच कोपऱ्यात स्क्रू चकचकीत असतील, तर ते का बदलले हे विचारा.

मॉइश्चर मीटर घ्याच, पण त्याच्या आकड्यावर एकदम उडी मारू नका. सुयांचा मीटर लाकडातून वीज किती सहज जाते ते मोजतो. त्यामुळे प्लायमध्ये मीठ उतरलं असेल तर तो जास्त दाखवतो. बिनसुयांचा मीटर मागच्या पत्र्याने किंवा फोमवरच्या चांदीच्या कागदाने फसतो. शिवाय जुलैत मुंबईच्या हवेत चांगला कोरडा प्लायही १६ ते १८ टक्के दाखवतो, तोच मे महिन्यात १२च्या आसपास येतो. म्हणून आधी त्याच गाडीत जिथे पाणी पोचणं शक्य नाही अशी जागा धरा, कपाटाच्या मधल्या फळीसारखी, आणि तिथला आकडा लिहा. मग बाकीच्या जागा त्याच्याशी ताडून बघा. फळी १६ आणि खिडकीखाली १८ असेल तर मी पुढे जाते. फळी १६ आणि खिडकीखाली २८ असेल तर पॅनल उघडायची परवानगी मागते.

पुरात गेलेली गाडी हा वेगळा प्रकार आहे. टपाची गळती वरून खाली येते, पुराचं पाणी खालून वर चढतं आणि सगळीकडे एकाच उंचीवर रेघ सोडतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तसा दिवस रोज येत नाही. पण साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की सखल भागात पाणी तुंबतं, आणि खाडीलगत त्यात खारं पाणी मिसळतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या भागावर चिखलाचा पट्टा राहतो. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डमागच्या वायरींचे कनेक्टर, जमिनीच्या प्लायची खालची बाजू बघा. कनेक्टरच्या तांब्यावर हिरवा कळंक दिसला तर मी ग्राहकाला सरळ सांगते, ही घेऊ नका. वायरिंगचा त्रास वर्षानुवर्षं पुरतो.

गळती नेमकी शोधायची तर पाणी मारावं लागतं, आणि ते खालून वर. आधी खिडकीची खालची कड, पाचेक मिनिटं थांबा, मग वरची, मग पन्हळ, शेवटी टप. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर नको, तो धड सीलमधूनही पाणी आत ढकलतो. आमची आवडती पद्धत वेगळी आहे. सगळी दारं-खिडक्या लावायच्या, एका खिडकीत प्लायचा तुकडा बसवून त्यातून ब्लोअरने हवा आत भरायची आणि बाहेरून जोडांवर ब्रशने साबणाचं पाणी लावायचं. जिथून हवा निसटते तिथे बुडबुडे येतात. गाडीतल्या नळांचं विसरू नका: सगळे नळ बंद असताना पाण्याचा पंप मधूनच सुरू होत असेल तर पाणी आतल्याच पाइपातून कुठेतरी झिरपतंय.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. उघडल्याशिवाय खर्चाचा ठाम आकडा देऊ नका. सडलेला प्लाय घट्ट लाकूड लागेपर्यंत कापा, पत्रा घासून प्रायमर मारा, मगच बंद करा. पावसाळ्यात नुसता पंखा लावून काही सुकत नाही, बाहेरची दमट हवाच आत फिरते. गाडी बंद करून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, लावा, बादलीत जमणारं पाणी बघून ग्राहकाचाही विश्वास बसतो. आणि सिलिकॉन! टपावर ते दिसलं की मिस्त्रींचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्याच्या अवशेषांवर ना रंग धरत ना दुसरं सीलंट, खरवडून काढण्यात दिवस जातो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंजही चढवतं. फॅन-खिडक्यांच्या चौकटीखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा, म्हणजे पुढे कुणाला चौकट काढायची झाली तर निघेल. जोडांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, आणि उन्हात राहणार असेल तर त्यावर रंग.

डीलरकडे गेलात की हमखास ऐकाल, "मॅडम, गाडी एकदम कोरडी आहे, मॅट कशाला उचलताय?" भांडू नका. रिपोर्टमध्ये लिहा: "मॅट उचलू दिली नाही, जमीन तपासलेली नाही." हे वाक्य वाचून ग्राहक स्वतःच डीलरला फोन करतो. "थोडी ओल आहे" असं लिहू नका. जागा, आकडा, तुलनेचा आकडा, फोटो, एवढं द्या. आरसीवर गाडी कॅम्पर म्हणून नोंदलेली आहे का तेही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मनाने केलेला बदल चालत नाही.

पाऊस सरला की विकायच्या गाड्यांचे फोन सुरू होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डाग ताजे असतात, काम सोपं जातं. एप्रिल-मेमध्ये तीच गाडी रंगरंगोटी करून सुकी ठणठणीत उभी असते आणि सोसायटीचा वॉचमन गाडीवर मारायला पाणी देत नाही. त्यासाठी आम्ही शेतकऱ्यांचा पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप नेतो. नवाच घ्या, औषध मारलेला नको. नोझल बारीक धारेवर ठेवली की एका टाकीत एक बाजू नीट तपासून होते. उरलेल्या बाजूंसाठी दोन कॅन भरून सोबत ठेवा.